काटा खाली आला तेव्हा

वाराणसीला पोस्टिंग आल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "एकदा तरी सरकारने माझं ऐकलं म्हणायचं." तोवर माझ्या नेमणुकीची गावं तिला नकाशात शोधावी लागत. काशी शोधावी लागली नाही. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलेलं. गंगेवर शिंदे घाट आहे, भोसले घाट आहे. ब्रह्मा घाट, दुर्गा घाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. झाशीच्या राणीचा जन्मही इथलाच, माहेरचं नावच मणिकर्णिका. आईला वाटलं, मुलगा आता रोज गंगास्नान करणार.

मुलाने पहिल्या महिन्यात काय केलं, तर गाडी ठोकायला चांगला मेकॅनिक शोधला.

माझ्याकडे एक जुनी जिप्सी आहे, २००५ सालची, एम.एच. पासिंगची. फौजेतल्या वाचकांना जिप्सीबद्दल सांगायला नको. १९८५ मध्ये आलेली ही गाडी. १९९६ पासून तिला १३०० सीसीचं इंजिन मिळालं. आमच्या पिढीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या पाठीच्या मणक्यांवर तिची सही आहे. नोकरीतल्या जिप्स्या सरकारच्या. ही मात्र माझ्या पैशाची, म्हणून तिच्यावर जीव जास्त.

लहानपणी वर्तमानपत्रात हिमालयन रॅलीचे फोटो यायचे. १९८० मध्ये सुरू झालेली ही शर्यत पुढे दहाएक वर्षं चालली. चिखलाने माखलेल्या त्या गाड्यांचे फोटो मी कापून वहीत चिकटवायचो. पुढे खडकवासल्याला एन.डी.ए.त गेलो आणि वही घरी राहिली. तिशी उलटल्यावर जमेल तशा हौशी रॅल्यांत उतरायला लागलो. तेही 'स्टॉक' गटात. स्टॉक म्हणजे कारखान्यातून निघाली तशी गाडी, इंजिनात काही फेरफार नाही. अमेरिकेत १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था निघाली, तीही मुळात अशाच दुकानातून घेतलेल्या गाड्यांच्या शर्यतींसाठी. आज त्यांच्या गाड्यांत स्टॉक फक्त नाव उरलंय. आमच्यासारख्यांच्या गाड्या अजून खरोखर स्टॉक असतात, कारण बदल करायला पैसे नसतात.

तर जानेवारीतल्या एका रविवारी एका स्थानिक क्लबची रॅली होती. सुमारे दोनशे किलोमीटर: रामनगरहून नारायणपूर, अहरौरा, विंध्याची चढण चढून सुकृत, रॉबर्ट्सगंज, मग नौगढ, राजदरी-देवदरीच्या धबधब्यांजवळून चकिया आणि परत रामनगर. मी रीतसर परवानगी काढली. माझी नॅव्हिगेटर म्हणजे माझी बायको. ती गणिताची शिक्षिका. प्रत्येक पोस्टिंगला तिला नवी शाळा शोधावी लागते आणि दर वेळी ज्येष्ठता शून्यापासून सुरू होते. आकडेमोडीत मात्र तिची ज्येष्ठता कुणी काढून घेऊ शकत नाही.

पण गोष्ट रविवारी सुरू होत नाही. ती शुक्रवारी सुरू होते.

शुक्रवारी संध्याकाळी निवड मंडळाचा निकाल आला. नागरी वाचकांसाठी थोडं सांगतो. लेफ्टनंट कर्नलपर्यंत माणूस सेवेच्या वर्षांवर पोचतो. त्यापुढे कर्नल व्हायचं, म्हणजे बटालियनची कमांड मिळवायची, तर निवड मंडळातून पार व्हावं लागतं. संधी तीन: फ्रेश, फर्स्ट रिव्ह्यू, फायनल रिव्ह्यू. जागा थोड्या आणि माणसं जास्त, त्यामुळे पिरॅमिड इथे एकदम अरुंद होतो. माझा हा तिसरा आणि शेवटचा निकाल होता. यादीत माझं नाव नव्हतं.

यात अन्याय झाला असं मी म्हणत नाही. माझ्या आधी कितीतरी चांगले अधिकारी इथेच थांबले आणि थांबूनही ताठ मानेने नोकरी करत राहिले. पण एक गोष्ट सांगतो. निकालात कारण नसतं. झालं किंवा नाही झालं, एवढंच कळतं. मग माणूस रात्री पडल्या पडल्या एकोणीस वर्षं मागे जाऊन कारण शोधत बसतो. त्या सी.ओ.शी वाद घातला म्हणून? तो कोर्स उशिरा केला म्हणून? त्या अहवालात कुठेतरी एक आकडा कमी पडला म्हणून? शोधून काही सापडत नाही आणि शोधणंही थांबत नाही.

शनिवारी दुपारी मला एकच काम करायचं होतं. जिप्सीच्या रेडिएटरचा खालचा होज जुना झाला होता. हाताने दाबला की मऊ लागायचा, टोकाला बारीक चिरा होत्या आणि क्लॅम्प गंजलेला. नवीन होज आणि दोन क्लॅम्प मी आठवड्यापूर्वीच आणून गॅरेजच्या फळीवर ठेवले होते. तासाभराचं काम. मी व्हरांड्यात बसलो आणि फोनवर कोर्समेट्सच्या ग्रुपमधले अभिनंदनाचे मेसेज वाचत राहिलो. मीही सगळ्यांचं अभिनंदन केलं, मनापासून केलं. मग अंधार पडला. बायकोने दोनदा विचारलं, "गाडीचं झालं का?" मी म्हटलं, "चालेल एवढ्या रॅलीला."

रविवारी पहाटे छावणीतून निघालो तेव्हा गोरखा प्रशिक्षण केंद्राची पोरं धुक्यात पळत होती. दिसत नव्हती, फक्त बुटांचा आवाज येत होता. जानेवारीत बनारसचं धुकं म्हणजे गाडीचं बॉनेट दिसलं तरी नशीब. रामनगरच्या मैदानावर पोचलो तर सुरुवात पुढे ढकललेली. आठची वेळ दहा वीस झाली.

तेवढ्यात तपासणीत गाडी अडकली. आगीच्या नळकांड्याची मुदत गेल्या महिन्यात संपली होती. तपासणारा विशीतला मुलगा होता, अगदी आदराने म्हणाला, "सर, नियम है." त्याचं बरोबर होतं. पण मला तेव्हा जगातला प्रत्येक माणूस माझ्या विरुद्ध सही करतोय असं वाटत होतं. मी आवाज चढवला. बायकोने मला बाजूला केलं आणि शेजारच्या एका स्पर्धकाकडचं जादाचं नळकांडं मागून आणलं.

आमची रॅली टी.एस.डी. प्रकारची होती. म्हणजे सगळ्यात वेगाने जाणारा जिंकत नाही. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने, ठरलेल्या सेकंदाला कंट्रोलवर पोचायचं. कंट्रोल नेमका कुठे आहे हे आधी माहीत नसतं. त्या दिवशीच्या नियमांत एक सेकंद उशीर झाला तर एक गुण दंड, एक सेकंद लवकर पोचलात तर दोन. लवकर पोचणं हा मोठा गुन्हा. वाटेचं पुस्तक ट्युलिप पद्धतीचं: प्रत्येक वळणाचं बाण काढून दाखवलेलं छोटं चित्र आणि शेजारी अंतर. ही पद्धत नेदरलँड्सच्या ट्युलिप रॅलीतून आली, म्हणून हे नाव. वेग ताशी ३६ किलोमीटर दिला असेल तर सेकंदाला दहा मीटर, हिशोब सोपा. पण ४२ दिला, मध्ये ३८ केला आणि त्यात माझ्या गाडीला थोडे मोठे टायर असल्यामुळे मीटर मुळात कमी अंतर दाखवतो, की चालत्या गाडीत डोकं शांत ठेवणारं माणूस लागतं. आमच्या गाडीत असं एकच माणूस होतं आणि ते स्टिअरिंगवर नव्हतं.

"तीन सेकंद पुढे आहेस. सोड. अजून सोड. हां, धर." ही असं बोलत राहते आणि मी पाय हलवतो. दुसऱ्या कंट्रोलवर आमच्या कार्डावर एकूण चार सेकंदांचा उशीर होता. धुक्यात, जुन्या गाडीत, चार सेकंद! मार्शलने भुवया उंचावल्या. शुक्रवारनंतर पहिल्यांदा माझ्या छातीत जरा जागा झाली.

मग एक रेल्वे फाटक बंद मिळालं. अकरा मिनिटं गेली. अशा वेळी अर्ज भरून वेळेची सूट मागता येते. हिने फाटकावरच अर्ज भरला, पुढच्या मार्शलला द्यायला घडी घालून ठेवला. "काही घाई नाही," ती म्हणाली. "हे अकरा मिनिटं आपल्याला परत मिळतील."

मला मात्र कुणाकडून काही परत मागायचं नव्हतं. मला ती अकरा मिनिटं स्वतः कमवायची होती.

अहरौरा मागे पडलं आणि विंध्याची चढण सुरू झाली. दगडाने भरलेले ट्रक, लाल धूळ, खडबडीत कडा. मी खालच्या गिअरमध्ये इंजिन ताणून धरलं. एका वळणावर तापमानाचा काटा हलला. मधल्या खुणेवरून वर, आणखी वर, लाल पट्टीला लागला. मी मनात म्हटलं, चढण संपली की थंड होईल. आणि खरंच, मिनिटभरात काटा सरसर खाली आला. पार तळाला.

"बघ," मी म्हटलं, "उतरला."

ती काट्याकडे बघत होती. "एकदम कसा उतरला? चढण तर अजून चालू आहे. काही कारण नसताना आकडा असा पडत नाही. थांबव गाडी."

"अगं, दोन किलोमीटरवर माथा आहे."

"थांबव म्हणतेय ना मी."

मी थांबवली नाही. दीड किलोमीटर पुढे गाडीनेच थांबायचं ठरवलं. आधी खडखड, मग जळका वास, मग काही नाही. बॉनेट उघडलं तर खालच्या होजचं टोक चिरून बाहेर लोंबत होतं. रेडिएटरमध्ये थेंब नव्हता. मागे दीड-दोन किलोमीटरच्या रस्त्यावर आमचं सगळं पाणी सांडलेलं असणार.

एक दगडाचा ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, आत डोकावला आणि म्हणाला, "बहुत गरम हो गइल बा." त्याने सीटखालून सायकलची जुनी ट्यूब काढली, होजला गच्च गुंडाळली, पाण्याचा कॅन दिला. अर्धा तास इंजिन निवू दिलं, मग पाणी भरून किल्ली फिरवली. इंजिन लागलं, पण लंगडत. मागून पांढरा धूर. डिपस्टिक काढली तर तेलाऐवजी ताकासारखा फेस. हेड गॅस्केट गेलं होतं. ट्रकवाल्याने हात जोडले, जसे आपण कुणाच्या घरी दहाव्याला गेल्यावर जोडतो तसे.

टो करायला गाडी यायला साडेतीन तास लागले. रस्त्याकडेच्या दगडावर बसून आम्ही डबा खाल्ला. बाकीच्या स्पर्धक गाड्या एकेक करून गेल्या. प्रत्येक जण हात करायचा आणि प्रत्येकाला आम्ही 'ठीक आहोत' असा अंगठा दाखवायचो. अहरौऱ्याजवळ अशोकाचा एक छोटा शिलालेख आहे, १९६१ मध्ये उजेडात आलेला. त्यात २५६ हा आकडा येतो. दौऱ्यावर काढलेल्या रात्री त्यात मोजल्या आहेत असं अनेक अभ्यासक मानतात. मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "बघ, सम्राटालासुद्धा टेम्पररी ड्युटीच्या रात्री मोजाव्या लागल्या." शुक्रवारनंतर मी तेव्हा पहिल्यांदा हसलो.

मग ती शांतपणे म्हणाली, "होज फळीवर होता ना?"

"होता."

"मग?"

"मग काही नाही. मी बदलला नाही."

बस्स, एवढंच बोलणं झालं. पण खरं सांगतो, ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला बरं वाटलं. गाडी बंद पडली याचा राग होताच. गुण गेले, पैसे जाणार होते, धूळ खात बसलो होतो. तरी या अपयशाला कारण होतं आणि ते मला हाताने दाखवता येत होतं: हा इथे, हा चिरलेला रबराचा तुकडा. माझा आळस, माझा रुसवा, माझी घाई. दोन दिवस जे शोधत होतो ते इथे आयतं मिळालं होतं, फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं.

संध्याकाळी दोरीने बांधलेली जिप्सी रामनगरपर्यंत आली. तिथला एक समज तुम्हाला ठाऊक असेल. काशीत मेलं तर मोक्ष, पण गंगेच्या या पलीकडच्या काठावर, ज्याला व्यासकाशी म्हणतात तिथे मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा. जिप्सीने प्राण सोडला तोही पलीकडच्या काठावरच. मोक्ष हुकला. पुढच्या जन्मी ती खरोखरच घरसामान वाहणारं गाढव झाली, पण ते नंतर.

सोमवारी मेकॅनिकने हेड काढलं, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि खालून बॅटरीचा उजेड पाडला. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसली. हेड वाकलं होतं. तो म्हणाला, "साहब, काँटा ऊपर जाके अचानक नीचे आया था?"

"हो."

"पानी खतम हो गया तो सेंसर हवा में लटकता है. हवा का टेम्परेचर बताता है. लोग समझते हैं ठंडा हो गया."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. मराठीत ऐकलं होतं. कुठे ते आठवायला मला पाच मिनिटं लागली आणि आठवल्यावर मी गॅरेजच्या बाहेर जाऊन उभा राहिलो.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मेजर, कंपनी कमांडर. उत्तरेकडे एका चढणीवर आमचा काफिला जात होता. मधली एक अडीच टनी गाडी अचानक थांबली आणि मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या. वेळेचं बंधन कडक होतं. मी तावातावाने तिथे गेलो. ड्रायव्हर साताऱ्याकडचा नाईक. म्हणाला, "साहेब, काटा वर जाऊन एकदम खाली आला. पाणी गेलंय. चालवली तर इंजिन जाईल." होज फाटला होता. मी म्हटलं, "फर्स्ट परेडला काय झोपला होतास?" फौजेत गाडी बाहेर काढण्यापूर्वी रोज फर्स्ट परेड होते: पाणी, तेल, पट्टा, हवा, होज, सगळं हात लावून बघायचं. तो काहीतरी सांगायला लागला. मी ऐकलं नाही. सात दिवस जादा गार्ड ड्युटी लावली.

तीन महिन्यांनी एम.टी.चं रजिस्टर तपासताना दिसलं: त्याने त्या होजची मागणी तीन वेळा नोंदवली होती. सुटा भाग आलाच नव्हता. म्हणजे त्याने फर्स्ट परेडही नीट केली होती आणि वेळेवर थांबून इंजिनही वाचवलं होतं. मी रजिस्टर मिटलं. तोवर त्याची सात दिवसांची ड्युटी भोगून झाली होती, त्याची बदली झाली होती. आता काय करणार, असं स्वतःला सांगितलं. नंतर विसरलो. इतका पक्का विसरलो, की तोच काटा माझ्या डोळ्यांसमोर खाली आला तेव्हाही त्याचं वाक्य आठवलं नाही.

मला कारण कळलं नाही म्हणून मी तीन रात्री झोपलो नव्हतो. त्याच्याजवळ कारण होतं आणि ते विचारायला मला तीस सेकंद नव्हते.

नंबर मिळवायला दोन दिवस लागले. तो आता निवृत्त आहे, गावाकडे शेती बघतो, एक टेम्पो चालवतो. आवाज ओळखला त्याने. "साहेब! कुठं असता हल्ली?"

"काशीत."

"मजा आहे मग."

मी म्हटलं, "तुला ती चढण आठवते का? होज फाटला होता."

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आठवतंय की साहेब. सात दिवस."

"तीन वेळा मागणी केली होतीस तू. मी नंतर रजिस्टर बघितलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

"जाऊ द्या साहेब. थंडीत गार्ड लागली एवढंच." पण 'काही नाही हो' असं तो म्हणाला नाही आणि ते मला योग्य वाटलं.

मग मी त्याला जिप्सीची गोष्ट सांगितली. रॅली, फाटक, चढण, काटा. तो अगदी मन लावून ऐकत होता. गाडीचं बोलणं सुरू झाल्यावर त्याच्या आवाजातला साहेब-जवान फरक कुठल्या कुठे गेला.

"काटा खाली आला, तेव्हा थांबलात?"

"नाही."

"किती गेलात पुढं?"

"दीड किलोमीटर."

"आणि नवीन होज घरात होता?"

"होता."

तो हसला. मोकळं, मोठ्याने हसला. "मग साहेब, ह्यात काय शोधायचं राहिलं? तुमचंच चुकलं."

"हो," मी म्हटलं. "माझंच चुकलं."

जिप्सीचं हेड रंधून घेतलं, नवीन गॅस्केट बसवलं. रॅलीच्या यादीत आमच्या नावापुढे 'पूर्ण केली नाही' अशी नोंद आहे. निवड मंडळाच्या निकालाचं कारण मला अजून माहीत नाही आणि कधी कळेल असंही नाही. नोकरी चालू आहे. हाताखालच्या मुलांचे अहवाल लिहायचे दिवस आले की मी आता प्रत्येकाला समोर बसवतो आणि विचारतो, "तुझं काय म्हणणं आहे?" वेळ लागतो. लागू दे.

आणि रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी बॉनेट उघडून होज हाताने दाबून बघतो. बायको व्हरांड्यातून विचारते, "झाली का फर्स्ट परेड?"

झाली.

जय हिंद.